सोडलेले वास्ते

अठरा वर्षं रुखमानं टेकोडे खाल्ले नव्हते. चुकून एकदा खाल्ले, ते सोडून. त्या एका वेळेनं तिला पुढं किती छळलं ते सांगायचंच आहे, पण आधी टेकोड्यांचं सांगितलं पाहिजे.

टेकोडे म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या रानातल्या छत्र्या. सावली गावाच्या त्या अंगाला धानाच्या बांध्या संपतात आणि रान लागतं, तिथून श्रावणात बाया पदर भरभरून आणतात. कुणाला ते मातकट लागतात, कुणाला बुळबुळीत. रुखमाला म्हणाल तर जीव की प्राण. दोन पाकळ्या लसूण, हळद, मीठ, बस. तेलसुद्धा नावापुरतं. लग्न होऊन आली त्या पहिल्याच श्रावणात तिनं नव्या नवरीची लाज गुंडाळून ठेवली आणि शेजारणीच्या सुपातले अर्धे टेकोडे मागून घेतले. आळीतल्या बायांनी वर्षभर तिला त्यावरून चिडवलं. तिनं काही मनावर घेतलं नाही, पुढच्या श्रावणात पुन्हा मागितले.

इतकं आवडत होतं म्हणूनच तर तिनं ते सोडलं.

पोरगी, दिव्यानी, तेव्हा दोन वर्षांची होती. तापानं फणफणली आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात अकरा दिवस डोळा उघडेना. डॉक्टर म्हणाले, आताच काही सांगता येत नाही. रुखमाच्या आईनं लेकीला आणि जावयाला बाजूला घेतलं. त्यांच्या घराण्याची एक कडक रीत होती. लोक नवसाला नारळ बोलतात, बकरा बोलतात. पण ह्यांच्यात लेकराच्या जिवावर बेतलं की आईबापांनी आपापली सगळ्यात आवडीची खायची वस्तू सोडायची. कायमची. नदीत उभं राहून ओंजळीत पाणी घ्यायचं, वस्तूचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. मग गावभर सांगत फिरायचं नाही. आणि एकानं मोडलं तर दोघांचंही मोडलं, नवस उलटला, असं समजायचं.

आजीला पोरीजवळ बसवून दोघं मार्कंड्याला गेले. वैनगंगेत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून रुखमानं टेकोड्याचं नाव घेतलं. तिला विचारच करावा लागला नाही. नवऱ्याला, धनराजला, मात्र वेळ लागला. तो ओंजळ धरून उभा राहिला, बोटांमधून पाणी गळून गेलं, त्यानं पुन्हा भरून घेतलं. मग जड आवाजात म्हणाला, "वास्ते. मायच्या हातचे वास्ते."

वास्ते म्हणजे कळकाचे कोवळे कोंब. कुरखेड्याकडं ते किसून पाण्यात चारपाच दिवस आंबवतात आणि मग भाजी करतात. धनराजची आई तिकडचीच, पण ती लग्नाच्या आदल्या वर्षी वारली होती. रुखमाच्या माहेरी वास्ते कुणी करत नसे, म्हणून तिनंही कधी केले नव्हते. तीन वर्षांच्या संसारात नवऱ्यानं एकदाही मागितले नव्हते. ते का, ते तिला त्या पाण्यात उभं असताना कळलं, असं तिला वाटलं. बिचारा आईच्या आठवणीनं मागत नसेल. मी जिभेची वस्तू सोडली, ह्यानं आई सोडली. बाईला रडू आवरेना, आणि ते रडू पोरीसाठी होतं तितकंच नवऱ्यासाठीही होतं.

नवऱ्याविषयी बायकोच्या मनात आदर कोणत्या दिवशी येईल, सांगता येत नाही. पुष्कळ घरांत तो येतच नाही. रुखमाच्या मनात तो त्या दिवशी आला आणि ठाण मांडून बसला.

पाणी सोडलं त्याच्या चौथ्या दिवशी दिव्यानीनं डोळे उघडले आणि पेज मागितली. आज ती वीस वर्षांची आहे, चंद्रपूरला नर्सिंग शिकते आणि आईला फोनवर आरोग्याचे धडे देते.

रुखमानं स्वतःचा नवस पाळलाच, वर नवऱ्याचाही पाळला. आळीत कुरखेड्याकडची एक सून आली होती. ती वास्ते शिजवायला लागली की रुखमा आपल्या घराचं दार लावून घ्यायची, धनराजच्या नाकाला वास जाऊन जीव कासावीस होऊ नये म्हणून. सावलीच्या बाजारात कोंब विकणाऱ्या बाया बसत, ती रांग टाळून ती नवऱ्याला मागच्या बोळानं न्यायची. "तिकडं पाहू नोका," म्हणायची. धनराज खाली मान घालून मागं मागं यायचा. त्या खाली घातलेल्या मानेचं तिला फार वाईट वाटायचं. माणूस मान खाली घालून हसूही शकतो, हे तेव्हा तिच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं.

आता ते चुकून खाल्लेलं.

अकरा वर्षांपूर्वी बल्लारपूरला रुखमाच्या चुलतभावाचं लग्न होतं. तिला पाचवा महिना होता. दिव्यानीनंतर इतक्या वर्षांनी दिवस राहिले होते, घरात आनंदीआनंद होता. लग्न शहरी थाटाचं, लॉनवर, हातात ताटली घेऊन रांगेत उभं राहायचं. एका भांड्यात वाटाण्याची तपकिरी रस्साभाजी होती, तिच्यात मऊसर फोडी. रुखमाला वाटलं, पनीर असेल. चव जिभेला ओळखीची लागली, फार दिवसांनी भेटलेल्या माणसासारखी, पण नाव काही आठवेना. तिनं दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा घ्यायला गेली तेव्हा शेजारची बाई हसून म्हणाली, "मशरूम लय आवडले वाटते तुले. आपल्या टेकोड्यायचंच भावंड होय ते."

रुखमा मांडवामागं गेली आणि घशात बोटं घालून सगळं ओकली. सतराव्या दिवशी पोटातलं गेलं. मुलगा होता.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. रक्त कमी होतं, पिशवी कमजोर होती, असं होतं कधीकधी, खाण्यापिण्याचा काही संबंध नाही. रुखमानं ते ऐकलं, पण स्टेशनवर दुसऱ्याच गाडीची घोषणा ऐकावी तसं. तिला आपली गाडी माहीत होती.

तिनं सांगितलं नसतं तर धनराजला कळायचं कारण नव्हतं. पण ती त्यातली नाही. तिनं सगळं सांगितलं, मशरूम, दुसऱ्यांदा घेतलं तेही. धनराजनं गालातला सुपारी-तंबाखूचा खर्रा ह्या बाजूचा त्या बाजूला केला आणि म्हणाला, "आता बोलून काय होते. पन खायाचं नोतं तू."

एवढंच. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. तीच आपण होऊन रडायला लागली की म्हणायचा, "मी काई म्हनतो का तुले?" खरंच काही म्हणत नव्हता. त्यानं तिला माफ केलं होतं, आणि अकरा वर्षं रुखमा त्या माफीच्या ओझ्याखाली वावरत होती. लग्नाकार्यात जेवायची नाही, जेवलीच तर वरणभात. पुन्हा दिवस राहिले नाहीत, तीही तिनं आपलीच शिक्षा मानली. नवरा चिडला तर ऐकून घ्यायची. गरम वाढायची, तो उठल्यावर उरलंसुरलं खायची. माझ्यामुळं ह्या माणसाचा मुलगा गेला, आणि ह्यानं आपला शब्द तर पाळला. मग मी कोणत्या तोंडानं बोलू, असं तिचं सगळं गणित होतं.

यंदा राखीला आशाबाई आली. धनराजची मोठी बहीण, कुरखेड्याजवळ दिलेली. दरवर्षी दिवाळीत धनराजच तिच्याकडं जायचा. दोन गाड्या बदलून यायचा तिला कंटाळा. यंदा लेकानं मोटारसायकलवर आणून सोडली. तोंडाची मोकळी बाई, मनात आलं ते ओठावर. धनराज भातगिरणीवर कामाला गेला होता. आशाबाईनं पाय धुतले, पाणी प्याली आणि पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून झाकण उघडलं.

आंबूस, उग्र वास घरभर पसरला. रुखमा धावली आणि तिनं झाकण दाबून बसवलं.

"बाई, झाका ते. आपल्या घरी नाई चालत."

"काऊन वो? वास्तेच तं होय. तुह्यासाठी आनले, दिव्यानीसाठी आनले."

रुखमा घुटमळली. सोडलेली वस्तू कुणाला सांगायची नसते. पण आशाबाई धनराजला आईच्या जागी, आणि डबा तर घरात आलेला. "त्यायनं सोडले हायत," ती हळूच म्हणाली. "दिव्यानी बिमार होती तवा. मार्कंड्याले. मायच्या हातची आठवन म्हनून लय आवडे त्यायले, तं तेच सोडले."

आशाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. गुडघा धरून, पदर तोंडाला लावून ती हसली.

"कोनी? धनराजनं? वास्ते सोडले?" ती डोळे पुसत म्हणाली. "अवो रुखमा, तो खात कवा होता?"

रुखमाला वाटलं, बाई मस्करी करून राहिली.

"माय वास्ते शिजवे तं हा घरात थांबेच नाई," आशाबाई सांगत सुटली. "नाकाले फडकं बांधून गोठ्यात जाऊन बसे. एकडाव मायनं जबरदस्ती घास भरवला, तं तिच्या लुगड्यावरच ओकला. आता पाय, आमी दोघं एकाच मायचे, एकाच ताटात जेवलो. मले वास्ते देल्ले का दुसरं काई नाई लागे, अन् ह्याचं पोट ढवळे. मायले लय वाईट वाटे. म्हने, हा पोटात होता तवा मलेच वास्त्याचे उमासे येत, तवापासूनच ह्याचं अन् वास्त्याचं वाकडं हाय."

रुखमा खाली बसली. तिनं विचारलं, "मोठं झाल्यावर आवडू लागले असन?"

माणसाची जीभ बदलते, हे तिला माहीत होतं. लहानपणी कारलं थुंकणारी पोरं मोठेपणी कारलं मागून खातात. तसंच झालं असू दे, असं तिला मनापासून वाटत होतं. अठरा वर्षांचा आदर असा एका डब्यापायी कुणी टाकून देत नाही.

"माय मेली त्या सालीही मी करून आनले होते," आशाबाई म्हणाली. आता तिचं हसू ओसरलं होतं; भावजयीचा चेहरा तिला दिसत होता. "मायले शेवटचा घास म्हनून. तवाही हा अंगनात जाऊन उभा राह्यला."

रुखमानं पदर खोचला. मग उठली, डबा उघडला आणि आशाबाईपुढं ठेवला. "शिजवा बाई. मले नाई येत. तुमी शिजवा, मी चूल पेटवतो."

तिला बघायचं होतं. ऐकीव गोष्टीवर तिला नवऱ्याला दोषी धरायचं नव्हतं. जो माणूस अठरा वर्षं एखाद्या पदार्थासाठी झुरला, तो वास आल्यावर कसा वागेल, हे ती स्वतःवरून जाणत होती. टेकोड्याचा वास आला की तिच्या तोंडाला आजही पाणी सुटायचं, डोळ्यांनाही.

वास्ते शिजले. दार उघडंच होतं. दिवेलागणीला धनराज गिरणीतून आला, डोक्यावरचा कोंडा झटकत ओसरीवर चढला आणि उंबऱ्याशी थबकला. त्याचा हात आपोआप नाकाकडं गेला. चेहरा असा आक्रसला, जणू कुणी कानाखाली मारली. "कशाचा वास होय हा?" तो म्हणाला. "उंदीर मेला का काय?"

मग त्याला चुलीपाशी बसलेली बहीण दिसली. मग बायको दिसली, त्याच्याच तोंडाकडं बघणारी. त्याचा हात हळूहळू खाली आला.

"वास्ते होय," रुखमा म्हणाली. "तुमच्या मायच्या हातचे नाई, बहिनीच्या हातचे."

धनराजनं आधी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "हे आशाबाई ना, आली नाई तं..." पण कुणी हसलं नाही. तो खाटेच्या काठावर बसला. रुखमानं त्याचं ताट वाढून ठेवलं होतं, भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. वास्ते वाढले नव्हते. त्यानं ताटाकडं बघितलं, पण हात लावला नाही.

"काऊन?" रुखमानं विचारलं.

"आता अठरा सालायनं..."

"काऊन म्हनतो मी."

"मंग काय सोडू?" तो एकदम म्हणाला. "तवा माह्या गालात खर्रा होता. खर्रा सोड म्हटलं असतं तं मी मेलो असतो. मटन सोडू, मासरी सोडू? एकेकाचं नाव घेऊन पाह्यलं मनात, एकही सोडवे नाई. तू तं सोडूनच राह्यली होती. वाटलं, एकाचं पुरते."

 रुखमाचं गप्प बसणं त्याला सोसवेना, म्हणून तो आणखी बोलला, आणि बोलायला नको होतं ते बोलला. "अन् खरं सांगू का, मले वाटलंच नोतं पोरगी वाचन म्हनून. डाक्टरचं तोंड पाह्यलं होतं मी. म्हटलं, पोरगी तं जाते, मंग जलमभर कायले तोंड बांधून राहू?"

आशाबाईनं कपाळाला हात लावला.

रुखमाला त्या गोष्टीचा राग आला असता, पण त्याहून मोठा राग रांगेत पुढं उभा होता. पोरीच्या मरणाची ज्यानं मनात तयारी केली, तो घाबरलेला बाप होता. ते ती कधीतरी विसरूही शकली असती. दुसरं विसरण्यासारखं नव्हतं.

"अन् बल्लारपूरवरून आल्यावर?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी तुमच्या पायाशी बसून रडत होती. एकाचं मोडलं का दोघायचं मोडते, म्हनून मी सोताले लेकराची मारेकरीन म्हनत होती. तुमाले मालूम होतं का तुमचं तं पयल्या दिवसापासूनच मोडेल होतं. तवा काऊन नाई सांगतलं?"

धनराज ताटाकडं बघत होता.

"सांगा ना."

"सांगतलं असतं," तो शेवटी म्हणाला, "तं तू म्हनली असती, लेकरू तुमच्यामुळेच गेलं."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की रुखमाला क्षणभर ते नुसतं बोलणंच वाटलं. मग अर्थ पोचला. म्हणजे त्याला कळत होतं. खर्रा ह्या गालातून त्या गालात गेला तेवढ्या वेळात त्यानं ओझं तोलून पाहिलं होतं आणि ते बायकोच्या डोक्यावर ठेवून दिलं होतं. वर त्याला माफीचं फडकं बांधलं होतं. ती अकरा वर्षं ते घेऊन चालली, आणि तो शेजारून हात हलवत चालला, आणि मी काई म्हनतो का तुले, असं विचारत राहिला. इतकं फसवलेलं माणूस तिला आजवर कुणी माहीत नव्हतं, आणि ते माणूस ती स्वतःच होती.

"डाक्टरीन बाई म्हनल्या होत्या ना, खान्याचा संबंध नाई म्हनून," धनराज म्हणाला. "मंग कोनाचंच काई नाई त्यात."

"हे तवा म्हनाचं होतं," रुखमा म्हणाली. "त्या दिवशी हे एकच म्हनाचं होतं."

चुलीवरचं भांडं आशाबाईनं उतरवून खाली ठेवलं. ती उठून बाहेर जाणार होती. रुखमानं हातानंच तिला बस म्हटलं.

धनराजला आता काहीतरी करून हे मिटवायचं होतं. तो वाईट माणूस होता असं कुणी म्हणणार नाही. गिरणीत कधी त्यानं कुणाचं पसाभर धान इकडचं तिकडं केलं नव्हतं. त्याला फक्त स्वतःला तोशीस लागू द्यायची नव्हती, आणि एवढ्याशा इच्छेपायी माणूस कुठवर जातो, ह्याचा त्यालाच अंदाज नव्हता.

"चाल, आता सोडतो मी," तो म्हणाला. "खरंखुरं सोडतो. खर्रा सोडू? आशाबाईच्या समोर सांगतो, उद्यापासून..."

"रीत तं तशी नाई," रुखमा म्हणाली. "सगळ्यायपेक्षा जास्त आवडते ते सोडा लागते. आता खोटं बोलू नोका. काय आवडते तुमाले सगळ्यायपेक्षा जास्त?"

धनराजनं विचार केला. ह्या वेळी फार वेळ लागला नाही. बायको जरा निवली आहे असं त्याला वाटलं असावं, आणि जे सांगितलं ते बहुधा खरंही होतं. तो ताटाकडं बघत, थोडं लाजत म्हणाला, "आता काय सांगू. मले तं तुह्या हातचंच आवडते. कुठीबी गेलो, कितीबी खाल्लं, तुह्या हातच्या डाळभाताबिगर पोट नाई भरत माह्यं."

लग्न झाल्यापासून त्यानं तिच्या स्वयंपाकाला कधी बरं म्हटलं नव्हतं. काल म्हटलं असतं तर तिनं ते आठवडाभर मनात घोळवलं असतं.

"मंग ते सोडा," रुखमा म्हणाली.

तो हसला. मग तिचं तोंड बघून त्याचं हसू थांबलं.

"रुखमा, त्याले भूक लागली असन वो," आशाबाई हळू आवाजात म्हणाली. "दिवसभराचा उपाशी आला."

"चूल पेटेल हाय बाई. तांदूळ कनगीत हायत. त्यायले हात देल्ले देवानं."

तिनं त्याच्यापुढचं ताट आपल्याकडं ओढून घेतलं, मांडी घालून बसली आणि नवरा समोर बसलेला असताना, त्याच्या आधी, पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. डाळ अजून गरम होती.